‘बरं आहे’ म्हणजे किती?

अजिंठ्याला शाळेची सहल घेऊन गेला असाल तर सोळा नंबरच्या लेण्यातील एक चित्र गाइडने तुम्हाला बहुधा दाखवले असेल. एक स्त्री बसल्या जागी कलंडली आहे, मान झुकली आहे, डोळे मिटत आले आहेत. एक दासी तिला सावरते आहे आणि भोवतालच्या स्त्रियांच्या चेहऱ्यांवर काळजी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अभ्यासकांनी या चित्राला ‘मरणासन्न राजकन्या’ असे नाव दिले. मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना हाताशी धरून येथील चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांनीही या चित्राची फार स्तुती केली. पुढे शेजारचे प्रसंग जुळवून पाहिल्यावर अभ्यासकांनी कथा ओळखली. ही नंदाची पत्नी सुंदरी. नंद म्हणजे गौतम बुद्धांचा सावत्र भाऊ. तो भिक्षू झाला आणि त्याचा मुकुट घेऊन सेवक परत आला, तो पाहून तिला मूर्च्छा आली आहे. ती मरत नाही. चेहऱ्यावरची रेघ न् रेघ बारकाईने पाहणाऱ्या जाणकारांचेही निदान चुकले होते, कारण तिची हकीकत त्यांना ठाऊक नव्हती.

हे चित्र आठवायला निमित्त झाले ते लेण्यांपासून काही किलोमीटरवर, घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या अजिंठा गावातले. तेथे शिक्षकांच्या एका छोट्या मेळाव्यात आम्ही ‘मापन’ या विषयावर बोललो होतो. आमचे काम प्रयोगशाळेत उपकरणांच्या अंशांकनाचे, म्हणजे उपकरण जे दाखवते तेवढे ते खरोखर आहे का हे तपासण्याचे. भाषण संपल्यावर चहाच्या वेळी एक शिक्षक बाजूला घेऊन म्हणाले, “सर, तुम्ही सगळं मोजता. मग एक सांगा. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. डॉक्टर म्हणतात, चांगली सुधारणा आहे. आई म्हणते, आता बरा आहे. आणि तो स्वतः म्हणतो, मला बरं वाटत नाही. तिघांपैकी खरं कोणाचं धरायचं?”

भाऊ एकतीस वर्षांचा. बारावीत असताना आजार सुरू झाला. घरच्यांनी आधी बुलढाणा जिल्ह्यातील सैलानीला नेले. त्या भागातील पुष्कळ कुटुंबे पहिल्यांदा तेथेच जातात. दोन-तीन वर्षे तशीच गेली. मग शहरातल्या रुग्णालयात गोळ्या सुरू झाल्या आणि कानात येणारे आवाज थांबले. आम्ही मनोविकारतज्ज्ञ नाही, हे त्या शिक्षकांना सांगितले. पण प्रश्न मापनाचा होता आणि तो आमच्या डोक्यातून गेला नाही. परत आल्यावर, या आजारात ‘बरे असणे’ मोजण्यासाठी कोणत्या मोजपट्ट्या वापरतात, त्या मिळवून वाचल्या. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशेब आहे.

आजाराविषयी थोडक्यात. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९०८ साली वापरात आणला. मराठीत त्याचे ‘छिन्नमनस्कता’ असे भाषांतर झाले आणि एका शरीरात दोन माणसे राहतात, असा एक गैरसमज त्यासोबत पसरला. तसे काही नसते. नसलेले आवाज ऐकू येणे, कोणी पाळत ठेवते आहे अशी अढळ समजूत होणे, ही झाली भर पडणारी लक्षणे. उमेद, बोलणे, भावना व्यक्त करणे ओसरत जाणे, ही झाली उणे होणारी लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे तीनशे माणसांमागे एकाला हा आजार असतो, आणि तो बहुतेक वेळा विशीच्या आगेमागे सुरू होतो. म्हणजे दहावी-बारावीच्या शिक्षकाला त्याची सुरुवात दिसू शकते, पण ती आळस किंवा मस्ती समजली जाते. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमॅझिन हे औषध आले तेव्हापासून भर पडणारी लक्षणे बऱ्याच रुग्णांत आटोक्यात येऊ लागली. उणे होणाऱ्या लक्षणांवर औषधांचा प्रभाव अजूनही कमीच आहे.

आता मोजपट्ट्या. औषधाचा गुण मोजण्यासाठी सर्वांत जास्त वापरली जाते ती ‘पॅन्स’ नावाची पट्टी. स्टॅन्ली के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८७ साली प्रसिद्ध केली. तिच्यात ३० लक्षणे आहेत. डॉक्टर मुलाखत घेऊन प्रत्येक लक्षणाला १ ते ७ गुण देतात. १ म्हणजे लक्षण नाही, ७ म्हणजे अतितीव्र.

येथे क्षणभर थांबून एक गणित करा. एका रुग्णाचे गुण ९० होते, उपचारानंतर ६० झाले. किती टक्के सुधारणा? वर्गात विचारले तर मुले ३३ टक्के म्हणतील. पण या पट्टीवर एकही लक्षण नसलेल्या माणसाला ३० गुण मिळतात! पट्टी शून्यापासून सुरूच होत नाही. ३० वजा केले तर आजार ६० वरून ३० वर आला, म्हणजे ५० टक्के सुधारणा. अंश सेल्सिअसमध्ये ३० हे १५ च्या दुप्पट उष्ण का नव्हे, हे आपण नववीला शिकवतो. तीच चूक औषधांच्या चाचण्यांतही झाली आहे आणि तज्ज्ञांना ती लेख लिहून दाखवून द्यावी लागली. ‘इतके टक्के गुण घटले म्हणजे औषध लागू पडले’ असे तेथे ठरवलेले असते, त्यामुळे ही चूक किरकोळ नाही.

दुसरी गोष्ट खनिजांच्या काठिण्यासारखी आहे. मोहसच्या पट्टीवर कुरुविंद ९ आणि हिरा १०. पण हिरा कुरुविंदापेक्षा नवव्या हिश्शाने कठीण नसून कित्येक पटींनी कठीण आहे. ते आकडे फक्त क्रम सांगतात, अंतर सांगत नाहीत. पॅन्सचे १ ते ७ हेही क्रमच आहेत, तरी आपण त्यांची बेरीज करतो. व्यवहारात ती उपयोगी पडते हे मान्य. पण ती बेरीज म्हणजे तापमापीतला पारा नव्हे, एवढे ध्यानात असावे.

या सगळ्यांपेक्षा मोठी अडचण अशी, की पॅन्स ‘बरे असणे’ मोजतच नाही. ती ‘आजार किती’ हे मोजते. डॉक्टर “चांगली सुधारणा” म्हणाले ते या अर्थाने, आणि त्या अर्थाने ते बरोबर होते.

मग माणसाचे जगणे मोजण्याच्या पट्ट्या निघाल्या. त्यांतली एक हाइनरिक्स, हॅन्लन आणि कार्पेंटर यांनी १९८४ साली अमेरिकेत तयार केली. तिच्यात २१ मुद्दे आहेत. मुलाखत घेणारा रुग्णाशी बोलतो, पण गुण मुलाखत घेणाराच देतो. त्यांतला एक मुद्दा रोजच्या वापरातल्या वस्तूंचा आहे. माणसाकडे पाकीट आहे का, किल्ल्या आहेत का, घड्याळ, वाहन चालवण्याचा परवाना, क्रेडिट कार्ड, नकाशा आहे का, असे त्यात पाहतात. वाचून आम्ही हसलो. अजिंठा-शिवना परिसरात कपाशी वेचायला जाणाऱ्या बाईजवळ नकाशा आणि क्रेडिट कार्ड शोधायचे? तिच्यापाशी ते नाही म्हणून तिच्या जगण्याचा दर्जा कमी ठरवायचा? परक्या देशातील पट्टी उचलून आणली की असे होते, असा शेरा आम्ही समासात लिहूनही टाकला. हा शेरा पुढे आम्हाला मागे घ्यावा लागला; ते ओघाने येईलच.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात नेमका हा दोष टाळायचा प्रयत्न केला. जगातील पंधरा केंद्रांवर एकाच वेळी काम करून जीवनमानाची एक प्रश्नावली बनवली गेली. त्या केंद्रांत नवी दिल्ली आणि मद्रास ही दोन आपली होती. तिची २६ प्रश्नांची छोटी आवृत्ती १९९८ साली आली. येथे गुण देणारा रुग्ण स्वतः असतो. शरीर, मन, माणसामाणसांतील नाती आणि परिसर असे तिचे चार भाग आहेत. परिसराच्या भागात पैसा पुरतो का, राहते घर कसे आहे, दवाखाना गाठता येतो का, ये-जा करायची सोय कशी आहे, हे प्रश्न आहेत. आम्हाला हा भाग फार आवडला. ज्या गावाहून गोळ्या आणायला एस.टी.ने जायचे आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायची, तेथे वाहतुकीचा प्रश्न हा औषधाचाच प्रश्न असतो. इतर पट्ट्यांना तो सुचलेला नाही.

पण प्रश्नावली मराठीत आणली की दोन ठिकाणी पाय अडखळतो. तिच्यातले बरेच प्रश्न ‘तुम्ही किती समाधानी आहात’ अशा वळणाचे आहेत. इंग्रजीतला मूळ शब्द फक्त पसंती-नापसंती विचारतो. आपल्याकडे समाधान हा सद्गुण आहे. समाधानी माणूस म्हणजे चांगला माणूस आणि असमाधानी म्हणजे कुरकुऱ्या, कृतघ्न. असा प्रश्न एखाद्या विधवा मावशींना विचारून पाहा. “देवानं दिलंय त्यात समाधानी आहे बाबा” हे उत्तर येईल. ते खोटे नसते, पण ते प्रश्नाचे उत्तरही नसते. ती आपली वागणूक सांगत असते, स्थिती नव्हे. शब्दकोशाच्या दृष्टीने भाषांतर बिनचूक आणि मापनाच्या दृष्टीने मात्र पट्टी ताणली गेलेली!

दुसरे ठिकाण नात्यांच्या भागात आहे. त्यात तीनच प्रश्न, आणि त्यांतला एक लैंगिक जीवनाविषयी. आपल्याकडे रुग्णाबरोबर आई, भाऊ, नाही तर वहिनी आत येतात आणि प्रश्न पुष्कळदा मोठ्याने वाचून दाखवावे लागतात. आईसमोर तिशीतला अविवाहित मुलगा काय सांगणार? तो प्रश्न कोरा राहतो आणि एका भागाचा तिसरा हिस्सा गळतो. दोष प्रश्नाचा नाही; त्या वयाच्या माणसाला हे दुःख असणारच. दोष तो विचारण्याच्या जागेचा आहे.

आपल्या देशात आणखी एक पट्टी आहे, आणि बहुतेक कुटुंबांची गाठ याच पट्टीशी पडते. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केलेली ही ‘आयडियाज’ नावाची पट्टी शासनाने २००२ साली दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मान्य केली. स्वतःची निगा, इतरांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम या चार बाबींना ० ते ४ गुण देतात. त्यात आजार किती वर्षांचा आहे त्याचे १ ते ४ गुण मिळवतात. बेरीज ७ झाली की दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या घरात येते आणि सवलतींचे दार उघडते. पट्टी सुटसुटीत आहे, घरकाम हे कामच धरते, हे तिचे मोठेपण. स्वतःला ती दिव्यांगत्वाचीच पट्टी म्हणवते, म्हणून प्रामाणिकही आहे. मात्र तिच्यामुळे घरच्यांना एक चमत्कारिक कसरत करावी लागते. सकाळी नोकरीसाठी शब्द टाकताना “आता अगदी बरा आहे” म्हणायचे, आणि दुपारी प्रमाणपत्रासाठी “काहीच करत नाही” म्हणायचे. हे सगळे रुग्णाच्या देखत बोलले जाते. आपण बरे आहोत की नाही, हे त्याने यातून कसे ठरवावे?

आता मूळ शंकेकडे येऊ. ज्याला कधी काळी नसलेले आवाज ऐकू येत होते, त्याच्या ‘मला कसं वाटतं’ या सांगण्यावर विश्वास ठेवायचा का? पुष्कळ वर्षे वैद्यकाने ठेवला नाही. १९८३ साली होगन, अवाद आणि ईस्टवुड यांनी औषध घेताना कसे वाटते यावर ३० साधी विधाने रुग्णांपुढे ठेवली, चूक की बरोबर एवढेच विचारले. १९९५ च्या सुमारास जर्मनीत दीटर नाबर यांनी औषधे घेत असताना रुग्णाला आतून कसे वाटते हे विचारणारी पट्टी केली. विचार सुचतात का, स्वतःवर ताबा वाटतो का, अंग जड वाटते का, लोकांत मिसळावेसे वाटते का, अशा तिच्यातल्या विचारणा आहेत. आणि १९९८ साली कॅनडात व्होरुगंटी, अवाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी शंकेची सरळ परीक्षाच घेतली. आजार आटोक्यात असलेल्या रुग्णांना तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले तर उत्तरे टिकतात का? ती टिकली. बी.एड.च्या मूल्यमापनाच्या पेपरात आपण ज्याला विश्वसनीयता म्हणतो ती त्यांच्या उत्तरांत होती.

विश्वसनीयता आहे म्हणून सप्रमाणता आहे असे होत नाही, हेही त्याच पेपरात शिकलेलो आहोत. रुग्णाच्या शब्दालाही स्वतःची वळणे आहेत. अनेक अभ्यासांत दिसले आहे, की आपल्याला आजार आहे याची जाणीव जितकी स्पष्ट, तितका माणूस खिन्न असण्याचा संभव जास्त. जाणीव वाढणे हे डॉक्टरांच्या लेखी सुधारणेचे लक्षण, आणि त्याच वेळी त्याचे स्वतःचे गुण मात्र खाली! उलट बाजूने, ज्याने नोकरीची, लग्नाची आशाच सोडली त्याला समाधानी असणे सोपे जाते. ३५ गुणांवर खूश होणारा मुलगा आणि ८५ गुण पडूनही रडणारी मुलगी प्रत्येक वर्गात असतेच. रुग्णाच्या खिन्नतेचा त्याच्या उत्तरांशी जवळचा संबंध असतो, भासांच्या तीव्रतेचा तितकासा नाही, हेही वारंवार आढळलेले आहे. काही जण यावरून म्हणतात, ‘म्हणजे त्याचे उत्तर खिन्नतेने रंगलेले आहे, ते सोडून द्या.’ आम्हाला हे पटत नाही. खिन्नता म्हणजे बरे नसणेच. तापमापीने ताप दाखवला म्हणून तापमापी गरम झाली आहे अशी तक्रार कोणी करत नाही.

बाहेरून पाहणाऱ्याची फसगत किती मोठी होऊ शकते याचे एक उदाहरण द्यायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा अभ्यास सुरू केला. आपल्याकडील केंद्र आग्र्याला होते. विकसनशील देशांत रुग्णांची पुढची वाटचाल अधिक चांगली होते, असा निष्कर्ष निघाला आणि आपण तो अभिमानाने सांगत आलो. एकत्र कुटुंब, खेड्यातले सोपे काम, वगैरे कारणेही जोडली गेली. २००८ साली कोहेन, विक्रम पटेल, आर. थारा आणि गुरेजे यांनी या गृहीतालाच प्रश्न विचारला. विवाहित असणे, काम करत असणे यांवरून माणसाचे चांगले चालले आहे असे धरता येईल का, हा त्यांतला एक भाग. आपल्याकडे लग्न घरचे लोक लावून देतात. आजार दडवूनही लावतात. थारा यांनीच चेन्नईत, आजारानंतर नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांचा अभ्यास केलेला आहे. तेव्हा ‘विवाहित’ या रकान्यातल्या खुणेने त्या बाईचे बरे-वाईट काय कळणार?

आमची परीक्षा मात्र झाली ती पुढच्या भेटीत. काही महिन्यांनी पुन्हा अजिंठ्याला जाणे झाले आणि त्या शिक्षकांच्या घरी गेलो. भाऊ ओसरीवर बसला होता. आम्ही कोणतीही प्रश्नावली काढली नाही. दादा आणि आई आत गेल्यावर विचारले, “तुम्ही म्हणता बरं वाटत नाही. मग बरं वाटणं म्हणजे तुमच्या लेखी काय?” मराठीत ‘बरा झाला’ आणि ‘बरं वाटतं’ यांत शब्द एकच आहे, आणि ‘बरं आहे’ हे तर संभाषण संपवण्याचे वाक्य. त्यामुळे हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. तो बराच वेळ गप्प राहिला. आम्ही घाई केली नाही. मग हळूहळू बोलला. सकाळी अकरापर्यंत डोके जड असते, मुंग्या आल्यासारखे. दहा वाजता शेतात जायला निघालेल्या माणसांबरोबर निघता येत नाही. सिल्लोडला एकट्याने एस.टी.ने जाऊन मिरचीचे पैसे आणायचे आहेत, पण कोणी पाठवत नाही. आणि घराची किल्ली आई कंबरेला लावते. “घरात सगळ्यांजवळ किल्ली आहे. माझ्याजवळ नाही.”

त्या अमेरिकन यादीतली किल्ली! क्रेडिट कार्ड आणि नकाशा अजिंठ्याला लागू नव्हते, पण किल्ली होती. वस्तूंची ती यादी करणाऱ्यांना कळले होते, की खिशात किल्ली असणे म्हणजे कोणीतरी आपल्यावर विश्वास टाकलेला असणे. आम्ही हसण्याच्या नादात ते सोडून दिले होते. समासातला शेरा आम्ही खोडला. क्रेडिट कार्डापुढचा तेवढा ठेवला आहे.

तिघांपैकी खरे कोणाचे, याचे आमचे उत्तर आता असे आहे. तिघांचे तीन प्रश्न आहेत. डॉक्टरांचा आकडा आजाराचा, आईचा शब्द घरातल्या शांततेचा, आणि भावाचा शब्द त्याच्या जगण्याचा. यांची बेरीज करता येत नाही, सरासरीही नाही. तीन रकाने वेगळे ठेवावे आणि त्यांत फरक पडला तर तो चूक म्हणून पुसू नये. काय बिघडले आहे ते तेथेच सापडते. पण ‘बरे असणे’ या नावाचा रकाना एकच ठेवायचा झाला तर तो भावाच्या हातचा असावा. बाकीचे दोन त्याला साक्षीदार. त्याची तुलनाही दुसऱ्या रुग्णाशी करू नये. त्याच्या स्वतःच्या मागच्या महिन्याशी करावी. प्रश्न एकांतात विचारावे, आधी त्याच्या शब्दांत ऐकावे, छापील पट्टी मागाहून काढावी. हे करायला क्लिष्ट यंत्रसामग्री लागत नाही. वेळ लागतो, आणि एका डॉक्टरापुढे सकाळच्या वेळात शंभर माणसे असली तर तोच नसतो, हे आम्हाला कळते.

म्हणून त्या शिक्षकांनी भावाचे बोलणे त्याच्याच शब्दांत एका कागदावर उतरवून घेतले आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांपुढे ठेवले. डॉक्टरांनी ते वाचले, दोन प्रश्न विचारले आणि गोळ्यांची वेळ बदलून मोठा डोस रात्रीवर नेला. (असे बदल डॉक्टरांनीच करायचे असतात, गोळ्या आपल्या मनाने कमी केल्या तर आजार उलटतो.) सकाळचा जडपणा थोडा कमी आहे, असे पत्रात लिहिले आहे. सिल्लोडला तो दोनदा जाऊन आला, पहिल्यांदा दादा मागच्या सीटवर होते. किल्लीबद्दल आईचे मत अजून बदललेले नाही.